चुन्यातली अंडी

मुमताजभाभीची कोंबडी निमोणे गावात कुठंही चरत असली तरी ओळखू यायची. तिच्या पायाच्या नळ्या काळ्या कुळकुळीत असत. भाभीच्या आईनं लग्नात तिला दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा दिला होता, त्यांचाच हा सगळा गोतावळा. लग्नातली भांडी गेली, कानातलं गेलं, पुढं नवराही गेला, पण काळे पाय टिकले.

नवरा सिद्दीक नालबंद होता. बैलांना नाल ठोकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मग ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि बेकारीच्या चौथ्या वर्षी काविळीनं सिद्दीक गेला. मागं भाभी, एक मुलगी नाझिया आणि परसात तीस-पस्तीस कोंबड्या. त्या कोंबड्यांवर भाभीनं नाझियाला दहावीपर्यंत शिकवलं आणि यवतला सून म्हणून दिली. लग्नात तिलाही दोन तलंगा आणि एक कोंबडा दिला.

मी तेव्हा तिकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा, म्हणजे व्रणोपचारक होतो. हा शब्द कुणाच्या जिभेवर चढत नसल्यामुळे लोक मला डॉक्टर म्हणत. मीही कुणाची चूक सुधारायला गेलो नाही. फुकटचा मान कुणाला नको असतो? खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर येत आणि सह्या करून जात. बाकी दिवस मीच डॉक्टर. भाभी मात्र मला 'सर्जेरावभाऊ' म्हणायची आणि बारीकसारीक गोष्ट विचारायला यायची. मी सांगेन ते ती अक्षरशः पाळायची. अशी माणसं आपल्याला बिघडवतात, हे मला फार उशिरा कळलं.

भाभीची खरी करामत अंड्यांची होती. थंडीत कोंबड्या भरभरून अंडी घालतात तेव्हा त्यांना उठाव नसतो. उन्हाळ्यात मागणी असते, बाळंतिणी असतात, तालमीतली पोरं असतात, तेव्हा कोंबड्या आखडतात आणि घातलेली अंडी उन्हानं नासतात. भाभी थंडीतली जास्तीची अंडी चुन्यात ठेवायची. कळीचा चुना विरवायचा, मूठभर मीठ टाकायचं, वरची निवळी अलगद काढून मोठ्या चिनीमातीच्या बरणीत भरायची आणि अंडी एकेक करून टोक खाली करून आत सोडायची. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टिचकावून ती आवाजावरून चीर ओळखायची. अंडं धुवायचं नाही, पुसायचंही नाही. चार-पाच महिने अंडी जशीच्या तशी राहायची. घेणाऱ्याला ती बजावून सांगायची की उकडण्याआधी सुईनं टोचा, नाहीतर फुटेल, कारण चुन्यानं अंड्याची सगळी भोकं बुजलेली असतात. वैशाखात मुमताजभाभीकडं अंडं मिळतं, ही ख्याती पार न्हावऱ्यापर्यंत होती.

दोन हजार एक सालच्या होळीला तिच्याकडं बेचाळीस कोंबड्या होत्या. यवतला नाझियाकडं सत्तर. नाझिया आईच्या वरचढ निघाली होती. तिचा नवरा इम्तियाज सणसवाडीला एका कंपनीत प्रेसवर होता. आदल्या वर्षी त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली आणि तो घरी बसला. तेव्हापासून सासू, सासरा, नवरा आणि ती स्वतः, असं चार जणांचं घर त्या सत्तर कोंबड्यांवर चाललं होतं. हायवेवरच्या ढाब्यांना गावरान अंडी लागायची आणि नाझिया ती पुरवायची. दुसरं काहीच येत नव्हतं.

होळी झाल्यावर चौथ्या दिवशी निमोण्यातल्या भिमानं जत्रेतून एक कोंबडा आणला. तो तिसऱ्या दिवशी मान वाकडी करून मेला. मागोमाग भिमाच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. मानमोडी. पांढरी-हिरवी हगवण, मान पिळवटून पाठीला लागते, आणि दोन दिवसांत खेळ खलास. त्यावर औषध नाही. लस आहे, ती आधी टोचावी लागते. लसीच्या एका बाटलीत शंभर कोंबड्यांचे डोस, आणि बाटली फोडली की दोन तासांत संपवायची. भाभीनं मागच्या दोन्ही वर्षी विचारलं होतं. मी म्हणालो होतो, शंभर कोंबड्या गोळा करा, मग फोडतो. ती बिचारी दारोदार फिरली. सुई टोचली की कोंबडी अंडी बंद करते, असं गावानं ठरवून टाकलेलं. बाटली बर्फातच राहिली. बेचाळिसांसाठी फोडली असती तर मला कुणी फासावर देणार नव्हतं. पण रजिस्टरला शंभर दाखवायचे असतात ना.

गावात मानमोडी शिरली की आमच्याकडं एकच उपाय करतात. धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या पाटीत घालून पाहुण्यांकडं धाडायच्या. बी तरी वाचतं म्हणतात. भाभीनंही तेच केलं. काळ्या पायांच्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन ती सकाळच्या एसटीला उभी होती. नाझियाकडं निघाली होती. मी दवाखान्यात जाताना तिथं भेटलो.

मला माहीत होतं. धडधाकट दिसणारी कोंबडीही चार-सहा दिवस आधी रोग अंगात घेऊन फिरते, हे मला शिकवलेलं होतं. पण भाभीच्या चेहऱ्याकडं बघून तोंड उघडेना. लसीची बाटली आठवत होती. कदाचित या पाच कोंबड्या निरोग्या असतीलही, असं मी मनाला सांगितलं आणि पाटी तिच्या हातातून घेऊन स्वतः गाडीत चढवून दिली. वर म्हणालो, सांभाळून जा.

आठव्या दिवशी किराणा दुकानातल्या फोनवर नाझियाचा निरोप आला. भाभीच्या परसात तोवर एकही कोंबडी उरली नव्हती. नाझियाच्याही सत्तरच्या सत्तर गेल्या होत्या. पाहुण्या म्हणून गेलेल्या पाच आधी मेल्या. भाभी दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. रडली नाही. दुकानदारानं पाणी दिलं ते तिनं हातात धरलं, प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या वस्तीवर आली. आमची वस्ती गावापासून दीड कोस लांब, तिथं रोग पोचला नव्हता. मीच तिला सांगून ठेवलं होतं की पायाला लागून रोग येतो, म्हणून ती बांधावरच थांबली आणि हाक मारली. तिच्या हातात कोंड्यानं भरलेलं भगुनं होतं, आणि कोंड्यात चौदा अंडी.

बरणीतला अगदी वरचा थर तिनं काढून आणला होता. रोग यायच्या आधी दोन-तीन दिवस चुन्यात गेलेली अंडी. तिच्या आईच्या कोंबड्यांचं जगात आता एवढंच उरलं होतं. नाझियाचं घर पुन्हा उभं करायचं तर त्या जातीच्या पिल्लांनीच करायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आमच्या घरी एक कोंबडी उबवायला खुडूक बसलेली आहे, हे तिला कळलं होतं. चुन्यानं रोग मरतो, त्यामुळं अंड्यांची भीती नाही, हेही मीच कधीतरी सांगितलेलं तिनं मला परत सांगितलं.

मग तिनं विचारलं, "भाऊ, ह्यातनं एखादं तरी निघंल का?"

चुन्यातलं अंडं उबत नाही. भोकं बुजलेली, आत हवा जायला वाट नाही. जीव असलाच तर गुदमरून मरतो. चौदातलं एकही निघणार नव्हतं. ती बांधावर उन्हात उभी होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "एखादं निघंल, भाभी. वरच्या थरातली हायती. येकवीस दिवस वाट बघा."

एवढं बोलण्यात माझं काय गेलं? काहीच नाही. भाभीनं पदरानं तोंड पुसलं आणि ती झपाझप निघून गेली. येतानापेक्षा हलकी चालत होती.

अंडी बसवली. चार दिवसांनी मला झोप लागेनाशी झाली, कारण ती बांधावर येऊन उभी राहायची आणि लांबूनच विचारायची, कोंबडी नीट बसती का, उठती का, पाणी पिती का. पाचव्या दिवशी घरची मंडळी शेतात असताना मी त्यातली तीन अंडी काढून टाकली आणि आमच्याच कोंबडीची ताजी तीन अंडी त्या जागी ठेवली. ओळखू येऊ नयेत म्हणून वरून चुन्याचा हात फिरवला. आपण फार मोठं पुण्य करतोय असं वाटलं मला. दिवस पाच जास्त लागतील, तर कोंबडी मधेच उठली होती असं सांगून टाकायचं ठरवलं.

सव्विसाव्या दिवशी तीन पिल्लं निघाली. बाकीची अकरा मी उकिरड्यात पुरली. भाभीला निरोप धाडला. ती आली, बांधावर फिनेलच्या पाण्यानं पाय धुतले, आणि पहिल्यांदाच आमच्या अंगणात पाऊल टाकलं. पाटी उचलून मी पिल्लं दाखवली. तिनं एक ओंजळीत घेतलं, उलटं केलं आणि पाय बघितले. दुसऱ्याचे बघितले. तिसऱ्याचेही.

"पाय पिवळं हायती," ती म्हणाली.

मी कोंबडा दुसरा असेल, पहिल्या दिवशी रंग कळत नाही, असलं काहीबाही बोललो. माझं बोलून संपेपर्यंत ती थांबली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चुन्यातलं अंडं खायचं, बसवायचं न्हाई, असं माझी आई सांगायची," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं, भाऊ. म्हनून तर तुमाला इचारलं. म्हनलं, आईपरीस तुमाला जास्त कळत असंल."

पिल्लं तिनं अलगद परत पाटीत ठेवली. मग खाली बसली आणि जमिनीकडं बघत पुढचं सांगितलं. ते मला ठाऊक नव्हतं. कोंबड्या गेल्यावर इम्तियाजच्या ओळखीच्या ठेकेदारानं नाझियाला सणसवाडीत पॅकिंगच्या कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. बारमाही काम, राहायला खोली. सासूसासऱ्यांचं मन वळवून नाझियानं गाठोडं बांधलं होतं. आणि भाभीनं दुकानातून फोन करून तिला थांबवलं. घर सोडू नको, येकवीस दिवस कळ काढ, पिल्लं निघणार हायती. नाझिया आईच्या शब्दाखातर थांबली. ठेकेदारानं आठवडाभर वाट बघितली आणि दुसरी बाई घेतली. नंतर नाझिया स्वतः जाऊन आली. जागा नव्हती.

मला वाटलं आता ती मला शिव्या देईल. तिनं दिल्या नाहीत. पिल्लं न्या, असं मी म्हणालो, तर ती तुमची हायती म्हणाली आणि बांधाबांधानं निघून गेली. मी तिच्या मागं गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?

त्या पावसाळ्यात भाभी घराला कुलूप लावून यवतला गेली. नाझिया ढाब्यावर भांडी घासायला लागली होती, आणि सासू म्हातारी घरातलं रेटू शकत नव्हती. पुढं कळलं की भाभीही त्याच ढाब्यावर भाकऱ्या थापते. ज्या ढाब्याला नाझिया अंडी पुरवायची, तोच.

मी तिकडं जायचं टाळत होतो. दोन हजार चारला पुण्याहून परत येताना गाडी नेमकी यवतला बिघडली आणि कंडक्टरनं सगळ्यांना त्या ढाब्यासमोर उतरवलं. चुलीपाशी भाभी बसलेली दिसली. केस पिकले होते, मनगटावर भाजल्याचे डाग होते. तिनं मला ओळखलं, बसा म्हणाली, आणि कुणाला तरी चहा सांगितला. नाझिया मागच्या मोरीवरून हात पुसत आली. पोर तिशीची नसेल, पण दिसत होती चाळिशीची. बोलता बोलता कळलं की मायलेकींचं फारसं बरं नाही. नाझियानं आईला माफ केलेलं नव्हतं, आणि ते ती लपवतही नव्हती.

"डॉक्टर, तुमी तरी अम्माला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "चुन्यातली अंडी उबत न्हाईत, हे तुमाला ठावं असनारच. हिच्या खुळापायी माझी नोकरी गेली. समदं आयुष्य गेलं."

मी भाभीकडं बघितलं. ती तव्यावरची भाकरी उलथत होती. तिनं वर न बघता उत्तर दिलं.

"त्यांनी सांगितलं व्हतं. मीच ऐकलं न्हाई."

खरं बोलायला तेव्हा एक क्षण होता. नाझिया माझ्यासमोर उभी होती, तोंड उघडायचा अवकाश होता. चहा आला आणि मी तो प्यायलो. मग दुसरी गाडी लागली आणि मी त्या दोघींचा निरोप घेऊन तिच्यात बसलो.