खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

रायपुरातल्या तात्यापाऱ्यात श्यामराव देशकरांचा फोटो स्टुडिओ आहे. यशदीप मेश्राम तिथे आला तो जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून द्यायच्या थोड्या दिवसांच्या कामासाठी, आणि राहिला तो राहिलाच. अंगाने सडसडीत, बोलण्यात कंजूस. गिऱ्हाइकाने तारीफ केली तरी मान खाली घालून म्हणायचा, "हव, ठीक आहे." त्याचे वडील लहानू रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते. घरी काहीही दुरुस्त झालं, अगदी पंखासुद्धा, की त्यांचं एक वाक्य ठरलेलं : "चाक फिरवून पाहिल्याशिवाय डबा बरा झाला म्हणू नाही."

श्यामराव गेले, पण स्टुडिओ चालू राहिला. त्यांच्या पत्नी विनोदिनीकाकू गल्ल्यावर बसू लागल्या, पुतण्या सचिन लग्नाचे फोटो काढू लागला, आणि मागच्या खोलीतला सर्व्हर यशदीपच्या ताब्यात आला. एका कार्यालयाने मोडीत काढलेलं ते धूड यशदीपनेच श्यामरावांना घ्यायला लावलं होतं. त्यात एक 'रेड' (RAID) कार्ड होतं. हे कार्ड सगळ्या डिस्क एका दोरीत बांधून ठेवतं. एखादी डिस्क दगावली तरी फोटो जात नाहीत. गावातल्या कितीतरी मराठी घरांची लग्नं, बारशी, रेल्वे कॉलनीतल्या जयंतीच्या मिरवणुका, श्यामरावांनी काढलेलं सगळं त्यात होतं. मूळच्या निगेटिव्ह ओलीने एकमेकींना चिकटून केव्हाच गेल्या होत्या. दुसरी प्रत काढायचं काम यशदीपने घेतलं होतं, पण ते अर्ध्यावरच राहिलं होतं.

दसऱ्याला यशदीप दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. यंदाही नवमीच्या सकाळीच तो बायको-पोरांना घेऊन गाडीत बसला. इकडे काकूंच्या मनात आलं, कॅमेऱ्यांची पूजा दरवर्षी होते, मग ह्यांचं सगळं आयुष्य पोटात घेऊन बसलेल्या यंत्रानं काय पाप केलं? यशदीप असला की तो त्या खोलीत कोणाला हात लावू देत नसे. आता तो गावात नव्हता. खंडेनवमीला हत्याराला विश्रांती द्यायची असते, म्हणून काकूंनी आधी सर्व्हर बंद करायला लावला, पुसला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि फुलाने पाणी शिंपडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सचिनने बटण दाबलं. यंत्र सुरू झालं, पडदा उजळला. फोटो मात्र नव्हते. फोल्डरच नव्हतं.

परतीच्या गाडीत यशदीपचा फोन वाजला.

"यशदीप भैया, काकूनं तुह्या सर्व्हरचं विसर्जन करून टाकलं!"

"काय दिसून राहिलं पडद्यावर?"

"काहीच नाही ना! कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कचा गट नवीन बनवून टाकू का? तिथं ऑप्शन आहे."

यशदीप सीटवरून उठूनच उभा राहिला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, पण त्या दिवशी चढला. "हात लावू नको! सचिन, कशालेच हात लावू नको. नवीन बनवलं तर जुनं पुसून जाईन. मी येऊन राहिलो."

स्टेशनवरून तो बायको-पोरांना घरी पाठवून थेट तात्यापाऱ्यात आला. काकू मागच्या खोलीत पूजेच्या ताटाशेजारी बसल्या होत्या. ताटातला प्रसाद तसाच होता. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

"मीच घालवलं रे," त्या म्हणाल्या. "पाणी काहून शिंपडलं मी? ते गेले तेव्हा मनाला समजावलं होतं, माणूस गेला पण त्याचं काम आहे. आता तेही गेलं."

"सर्व्हरले देवघर समजल्या काकू," सचिन दारातून बोलला. "नैवेद्य पण दाखवला असन."

"तू चूप बस," यशदीप म्हणाला. यशदीपने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं.

यशदीपने माळ काढून ताटात ठेवली, झाकण उघडलं, बोट फिरवून पाहिलं. आत ठणठणीत कोरडं होतं. यंत्र पुन्हा सुरू केलं. सुरुवातीला कार्डाचा स्वतःचा पडदा येतो, तो त्याने थांबून वाचला. सगळ्या डिस्क हजर, सगळ्या निरोगी. म्हणजे कार्डाला फोटो दिसत होते. मग कार्ड यंत्रातल्या कोणत्या भागाला दिसत नव्हतं, एवढाच प्रश्न होता.

मग त्याला एक गोष्ट आठवली.

उन्हाळ्यात त्याने सर्व्हरवर नवं कर्नेल चढवलं होतं. कर्नेल म्हणजे यंत्राच्या गाभ्यात बसून सगळा कारभार पाहणारा भाग. कार्डाशी तो ड्रायव्हर नावाच्या दुभाष्यामार्फत बोलतो. आता नव्या कर्नेलसोबतच्या ड्रायव्हरमधून इतक्या जुन्या कार्डांची ओळखच काढून टाकली असेल तर? नवं कर्नेल यंत्र बंद करून चालू केल्यावरच कामाला लागतं, आणि सर्व्हर तेव्हापासून इन्व्हर्टरच्या जोरावर एकदाही बंद झाला नव्हता, जुन्याच कर्नेलवर धावत होता. आपलं काम चुकलं हे यशदीपला कळायला मार्गच नव्हता. होता तो एकच : बंद करून चालू करून पाहणं. चाक फिरवून पाहणं. ते त्यानं केलं नाही, काकूंनी केलं.

त्याने पुन्हा यंत्र सुरू केलं, आणि या वेळी यादीतून जुनं कर्नेल निवडलं. श्यामरावांचं फोल्डर पडद्यावर आलं. एक फोटो उघडला : बुढापारा तलावाच्या काठावर नवं लुगडं नेसलेली कोणाची तरी नवरी, उन्हाने डोळे बारीक केलेली.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "आता ह्या यंत्राची पूजा नाही करत बाप्पा कधी. कान धरते."

इथे यशदीपला गप्प राहता आलं असतं. सगळ्यांनी दोष पूजेला देऊन टाकला होता, आणि गप्प राहणं हा तर त्याचा स्वभावच. त्याने खुर्ची काकूंकडे वळवली.

"काकू, पूजेनं नाही झालं," तो म्हणाला. "माह्यानं झालं. उन्हाळ्यात मी काम केलं आणि तपासलं नाही. तुम्ही बंद केला नसता, तर एखाद्या दिवशी लाइट गेली असती, इन्व्हर्टर बसलं असतं अन् हेच झालं असतं. तुमच्यामुळं कळलं."

काकूंनी डोळ्यांवरचा पदर काढला. "मग सकाळपासून मी उगाच उपाशी का रे?"

"हव," यशदीप म्हणाला, आणि पिशवीतून नागपूरची संत्रा बर्फी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

दुपारभर त्याने काम केलं. आधी राहिलेली प्रत पुरी केली. मग जुन्या कार्डाला ओळखणारा, कोणा परोपकारी माणसाने नव्या कर्नेलसाठी तयार करून ठेवलेला ड्रायव्हर शोधून बसवला. सचिन म्हणाला, "झालं ना? चल, चहा घेऊ."

"नाही झालं." यशदीपने सर्व्हर बंद केला आणि खुर्ची मागे सरकवली. "काकू, बटण तुम्ही दाबा."

"मी? नको रे बाबा. माह्या हाताचं लक्षण बघितलं ना?"

"म्हणूनच दाबा."

कुंकवाचं बोट अजून झाकणावर तसंच होतं. त्याने ते पुसलं नव्हतं. काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. पंखे घरघरले. कार्डाचा पडदा आला, गेला. नवं कर्नेल आलं. यशदीपने फोल्डर उघडलं. मग तीच नवरी उन्हाने डोळे बारीक करून समोर आली.

"पुढच्या वर्षीही पूजा करा," यशदीप म्हणाला. "फक्त मी असताना."

"पण तू तर नवमीला नागपुरात असतोस," काकू म्हणाल्या.

यशदीपने बर्फी त्यांच्याकडे सरकवली. काकूंनी बर्फीचा दुसरा तुकडा उचलला आणि म्हणाल्या, "तू आल्यावर करू मग. एवढी वर्षं सांभाळलं ह्या यंत्रानं, दोन दिवस थांबेल."