दुर्बल बाजूच्या रकान्यात

लातूरच्या बार्शी रोडवर एका मोठ्या टेलिफोन कंपनीचं विभागीय कार्यालय होतं. उज्वला देशमाने तिथं बावीस वर्षांपूर्वी लागली, तेव्हा तिला फोनवर तक्रारी ऐकायच्या आणि वहीत उतरवायच्या एवढंच काम होतं. खांबावरचा डबा कशाला असतो हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. ते तिला शंकरप्पानं शिकवलं.

शंकरप्पा रेणापूर तालुक्यातला, कंपनीत लाइनमन. किडकिडीत अंग, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, खांद्याला पकडीची पिशवी. पहिल्याच महिन्यात तो तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "ताई, तक्रार कागदावर कळत न्हाई. चला, दाखवतो." आणि जीपमधून तिला अहमदपूरच्या पुढं घेऊन गेला. केबलच्या जोडात पाणी कसं शिरतं, माकडं तार कुठं तोडतात, रस्त्याच्या कामाला आलेलं जेसीबी अर्धा तालुका कसा मुका करून टाकतं, सगळं त्यानं दाखवलं. त्या दिवसापासून तो तिचा आप्पा झाला.

अहमदपूर ते कंधार ही सगळी लाईन आप्पाकडं होती. गावागावातली माणसं कार्यालयाचा नंबर लावतच नसत, थेट त्याला फोन करत. पुढं फायबर आलं. काचेच्या केसासारखी तार जोडायचं मशीन आलं, त्यावर सगळं इंग्रजीत. आप्पानं खिशातल्या डायरीत त्या मशीनवरची चित्रं पेनानं काढून ठेवली होती आणि कोणतं दाबलं की काय होतं ते बाजूला मराठीत लिहिलं होतं. तीनदा त्यानं प्रशिक्षणासाठी नाव दिलं. तिन्ही वेळा तरुण पोरांची नावं लागली.

"ताई, तुमच्या हातात काही असंल तर बघा," तो म्हणाला होता. "मला ते मशीन नीट शिकायचंय."

उज्वला तोवर बढती मिळून नियोजनाच्या कामावर गेली होती. तिच्या हातात फारसं काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीचे दिवस फिरले. दुसऱ्या कंपन्यांनी दर पाडले, ग्राहक नंबर तोच ठेवून तिकडं जाऊ लागले. मुख्य कार्यालयानं बाहेरून तज्ज्ञ बोलावले. कुठं टिकून राहायचं, कुठून पाय काढायचा, पुढची पाच वर्षं कशावर भर द्यायचा, असा सगळ्या कंपनीचा अभ्यास सुरू झाला. प्रत्येक विभागाला एक तक्ता आला. त्यात चार रकाने होते: बलस्थानं, दुर्बल बाजू, संधी आणि धोके.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा तक्ता साहेबांनी उज्वलाकडं दिला. "हा भाग तुमच्याइतका कुणालाच माहीत नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं. तीन आठवडे ती त्यावर बसली. एवढी मोठी कंपनी आपल्याला विचारते आहे याचं तिला मनातून बरंही वाटत होतं. दुर्बल बाजूच्या रकान्याशी येताच तिला आप्पा आठवला. मागायची हीच वेळ आहे, असं तिला वाटलं. तिनं लिहिलं: देखभालीचे बहुतेक कर्मचारी पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि त्यांना नवी यंत्रणा येत नाही, मात्र त्यांची शिकण्याची तयारी आहे, गावोगावी त्यांच्यावर विश्वास आहे, त्यांना तातडीनं प्रशिक्षण द्यावं.

दोन महिन्यांनी अहवाल आला. जाडजूड, रंगीत. त्यात नांदेड-लातूरला अर्धं पान होतं. तिचं वाक्य त्यात होतं, पण 'येत नाही' या शब्दांवर ते संपत होतं. खाली एक ओळ होती: या विभागाची देखभाल बाहेरच्या ठेकेदाराकडं सोपवावी.

अकरा माणसं कमी झाली. त्यांत आप्पा होता.

आप्पा तिच्याकडंच आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत पत्र जपून ठेवलेलं. "तुमचं इंग्रजी चांगलं हाय. एक अर्ज लिहून द्या. ह्या लोकायला आपलं काम ठावं न्हाई, म्हणून झालं असंल."

तिनं अर्ज लिहून दिला. मन लावून लिहिला. पण ते वाक्य कुणाचं होतं हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. अर्ज आठ दिवसांत फेटाळला गेला.

मग ती स्वतः मुख्य कार्यालयात गेली. अनय नावाचा एक तरुण अधिकारी तिच्याशी फार आदरानं बोलला. "मॅडम, आपल्या विभागाचा तक्ता सगळ्यांत नेमका होता."

"माझं अर्धंच वाक्य घेतलंत तुम्ही."

त्यानं कॉम्प्युटरवर तक्ता उघडून पाहिला. "पुढचा भाग सूचना होती ना. या रकान्यात फक्त उणिवा घ्यायच्या होत्या." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला चहा मागवला, आणि अहवाल आता मंजूर झालाय, असं हळू आवाजात सांगितलं.

परतल्यावर उज्वला आप्पाच्या गावी गेली. ओट्यावर बसून तिनं त्याला सगळं सांगितलं.

"वाचून दाखवा ते," आप्पा म्हणाला.

तिनं वाचलं. आधी छापलेलं, मग आपण लिहिलेलं पूर्ण. आप्पा खाली बघून ऐकत होता.

"खोटं काय हाय त्यात?" तो म्हणाला. "वय झालंच की माझं."

त्यानं आत हाक मारून चहा सांगितला. हरभरा कसा झाला ते सांगितलं. तिला सोडायला फाट्यापर्यंत आलाही. पण एसटी येईपर्यंत तो रस्त्याकडंच बघत उभा राहिला, आणि दर वेळेसारखं 'पोचल्यावर फोन करा, ताई' असं म्हणाला नाही.

त्यानंतर दहा महिने दोघांचं बोलणं झालं नाही. उज्वलानं कितीदा तरी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. आज नको, रविवारी जाऊनच येऊ, असं म्हणता म्हणता माघ उजाडला आणि आप्पा गेल्याचा निरोप आला. अहमदपूरच्या बसस्थानकात छातीत कळ येऊन तो बाकावरच कोसळला होता.

ती भेटायला गेली तेव्हा पाचवा दिवस होता. आप्पाची बायको महामायाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"अहमदपूरला कशाला गेले होते?" उज्वलानं विचारलं.

"कामाला." महामायाबाईंनी तिच्याकडं नवलानं पाहिलं. "तुमाला न्हाई माहीत? ठेकेदाराचा माणूस आठ-आठ दिवस येत न्हाई. लोकायजवळ ह्यांचाच नंबर. फोन आला की पिशवी घेऊन निघायचे. मी म्हणायची, आता तुमचं काय ऱ्हायलं तिथं? तर म्हणायचे, लोकायला काय ठावं मला काढलंय म्हणून. कुणाला सांगितलंच न्हाई त्यांनी."

उज्वलाला पुढचं विचारायचा धीर होत नव्हता. तरी तिनं विचारलं. "माझ्याबद्दल काही बोलले होते?"

महामायाबाईंनी आठवून पाहिलं. "न्हाई, बाई. काहीच न्हाई."

कोनाड्यातला फोन तेवढ्यात वाजला. महामायाबाईंनी तो उचलून उज्वलाच्या हातात दिला. "तुमीच बोला. मला न्हाई समजत त्यातलं."

कंधारकडच्या एका शाळेतले मास्तर होते. "आप्पा, चार दिवस झाले, नेट बंद आहे हो. पोरांचे फॉर्म भरायचेत. डब्यावर लाल दिवा लागून राहिला नुसता."

"आप्पा नाहीत," उज्वला म्हणाली. "ते वारले. रविवारी."

"काय सांगता," मास्तर म्हणाले. "रविवारी मीच बोलावलं होतं त्यांना. वाट पाहून पाहून राहिलो मी."

ती निघेपर्यंत फोन आणखी दोनदा वाजला. दुसऱ्या वेळी तो महामायाबाईंनीच घेतला, कानाला धरला, समोरच्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि "न्हाईत ते," एवढंच म्हणून ठेवून दिला.