इथे त्या नावाची डॉक्टर नाही

मी दातांची डॉक्टर. लोकांना वाटतं, या बाईला दिवसभर किळस येत असेल. पू, किडलेल्या दाढा, तंबाखूने काळी पडलेली जीभ, महिनोन्महिने ब्रश न लागलेली तोंडं. पण खरं सांगते, आजारी माणसाच्या तोंडाची मला कधीच किळस आली नाही. किळस म्हणजे काय ते मला सासरी जेवणाच्या टेबलावर कळलं.

माझं माहेर वसईच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या एका आळीत. आमची केळी, भाजीपाला आणि थोडी भातशेती. दादा, म्हणजे माझे वडील, पहाटे भाजी घेऊन बाजारात जायचे. आईच्या बरोबरीने मला वाढवलं ते आतेने. ती दादांची थोरली बहीण, लग्नानंतर लवकरच विधवा होऊन परत आलेली. मी होस्टेलवर असताना दर आठवड्याला कुणा ना कुणाच्या हातून तिचा डबा यायचा. डॉक्टर झाले तेव्हा ती आळीत घरोघर जाऊन सांगून आली होती.

लग्न झालं नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मुलगा बँकेत, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त, मूळचे देशावरचे, आता वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट. आमच्याकडे सगळ्यांना स्थळ फार मोठं वाटलं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यात एक नाव लिहिलं. ते माझं नवीन नाव होतं. मला ते तेव्हाच कळलं. नुसतं आडनाव नाही, माझं स्वतःचं नावही बदललेलं. भोवतीच्या बायका हसल्या, कुणी पेढा भरवला. मलाही तेव्हा वाईट वाटलं असं नाही. सगळ्यांचंच होतं, माझंही झालं, एवढंच.

मात्र पदवी आणि डॉक्टर म्हणून नोंदणी जुन्या नावाने झालेली होती, त्यामुळे दवाखाना त्याच नावाने काढायचा हे मी आधीच सांगितलं होतं. नवरा म्हणाला होता, "त्यात काय, चालेल की."

आमच्या बिल्डिंगच्या खाली सासऱ्यांच्या मालकीचा एक गाळा होता. तिथे दवाखाना सुरू झाला. पाटीवर माझं नाव, मधे दादांचं नाव, पुढे आमचं आडनाव. हे आडनाव असं की वसईत कुणीही वाचलं तरी आमची आळी, आमची जात, आमचा धंदा डोळ्यांसमोर उभा राहावा. म्हणूनच पलीकडच्या गावांतून लोक रिक्षा करून यायचे. दारातूनच मोठ्याने विचारायचे, "आपली पोर हितंच बसते ना?" मला फार बरं वाटायचं. सासऱ्यांना वाटत नव्हतं. ते बाहेरच्या खोलीत बसून नंबर द्यायचे. मी नेमलं नव्हतं त्यांना, ते आपणहून बसायचे. पेशंट गेले की उदबत्ती लावायचे आणि खिडकी उघडायचे.

"गॅझेटमध्ये नाव बदलून घे," ते म्हणायचे. "सोसायटीतले लोक विचारतात, सून तुमची ना, मग पाटीवर हे कुणाचं नाव?"

"बाबा, माझी नोंदणी त्याच नावाची आहे."

"कागद बदलता येतात. माणसाने आपलं घर कुठलं ते ठरवावं लागतं."

पुढे मी बाळंतपणासाठी माहेरी गेले. मुलगी झाली. तिला घेऊन परतले आणि रिक्षातून उतरताना पाटी पाहिली. नवी कोरी, पितळी अक्षरांची. त्यावर तांदळातलं ते नाव, नवऱ्याचं नाव, त्यांचं आडनाव. शेजारी माझी पदवी. मी पाटीकडे बघत उभी राहिले आणि क्षणभर खरंच वाटलं, आपल्या जागी दुसरी कुणी डॉक्टर बसवली की काय.

संध्याकाळी नवऱ्याशी भांडले. तो म्हणाला, "अगं, पाटीच तर आहे. आत सर्टिफिकेट तुझ्याच नावाचं टांगलंय ना? बाबांनी हौसेने केलं. आता एवढ्यावरून घरात तमाशा नको."

मूल अंगावर पिणारं, रात्रीची झोप नाही, पाणी टँकरचं, तेही दवाखान्याला पुरवून वापरायचं. मी गप्प बसले. औषधाच्या चिठ्ठीवर जुन्या नावाने सही करत राहिले. पाटी तशीच राहिली. गावाकडचे पेशंट हळूहळू कमी झाले. मला वाटलं, मी मधे नव्हते म्हणून सवय तुटली असेल.

आणि मग एका दुपारी दादांचा फोन आला. आते हॉस्पिटलमध्ये होती.

मी पोचले तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. दाढेचा पू जबड्यातून खाली गळ्यापर्यंत उतरला होता. तोंड उघडत नव्हतं, श्वास लागत होता. हनुवटीखाली बाहेरून चीर देऊन त्यांनी पू काढला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. घरात डेंटिस्ट असताना हे इतकं वाढू कसं दिलंत?"

मी दादांवर चिडले, मला आधी का कळवलं नाही म्हणून. दादा गोंधळले. म्हणाले, "ती तुझ्याकडे जाऊन आली होती ना. लवंगेचं तेल लाव म्हणून सांगितलंस तू, असं म्हनली."

ती माझ्याकडे आलीच नव्हती.

दोन दिवसांनी तिला थोडं बोलता यायला लागलं. मी तिचा हात धरून विचारलं, "आते, तू माझ्याकडे आली होतीस?"

ती आधी नको नको म्हणाली. मग बोलली. गाल सुजला तेव्हा ती एकटीच बस पकडून स्टेशनला आली, पूल ओलांडून पूर्वेला उतरली, विचारत विचारत आमच्या बिल्डिंगपाशी पोचली. दारात सासरे होते.

"मी इचारलं, माझी भाची हितं बसते ना. नाव सांगितलं तुझं. तो म्हनला, इथे त्या नावाची डॉक्टर नाही."

"त्यांनी ओळखलं नसेल तुला."

आतेने माझा हात दाबला. तिचे डोळे पाण्याने भरलेले. "वळखलं बाय. मी पन वळखलं त्याला. व्याह्यानं वळख द्याची नाय ठरवलं तं मी उंबऱ्यात उभी रावून काय करू? आतून तुझ्या मशीनचा आवाज येत होता. हाक मारावी वाटलं. पन बाहेर मोठी मानसं बसलेली. तुला खाली बघायला लागलं असतं."

मधे एक प्लायवूडची भिंत होती. मी आत कुणाची तरी दाढ कोरत होते. आणि ती दारातून गाल धरून परत गेली. घरी जाऊन खोटं बोलली, माझ्या सासरची अब्रू राहावी म्हणून.

मी घरी आले तेव्हा सगळे जेवायला बसले होते. आंब्याचे दिवस होते. सासरे आमरस खात होते. मनगटापर्यंत ओघळ आलेला, तो चाटत होते.

मी उभ्याउभ्याच विचारलं, "बाबा, माझी आते दवाखान्यात आली होती. तुम्ही तिला ओळखलं नाहीत?"

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, नाही म्हणतील. विसरलो म्हणतील. मी ते मान्यही केलं असतं. इतकी मी मूर्ख.

"ओळखलं की," ते म्हणाले. "पण तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी बसले होते दाढ दाखवायला. त्यांच्या शेजारी तिला बसवणार होतीस? पायात चप्पल नाही, अंगाला सुक्या मासळीचा वास. आणि मी खोटं काय बोललो? पाटी बघ. आहे का त्या नावाची डॉक्टर?"

"ती मरता मरता वाचली."

"वाचली ना? झालं तर मग." आणि सासूबाईंकडे वाटी सरकवत, "थोडा रस वाढ."

सासूबाई रस वाढत मला म्हणाल्या, "जेवताना कसले विषय काढतेस? हात धू आणि बस पानावर."

नवरा टीव्हीकडे बघत होता. आवाज बंद होता, तरी बघत होता.

मी मोरीत जाऊन ओकले. आयुष्यात इतक्या लोकांच्या तोंडातली घाण मी हाताने काढली, कधी उलटी झाली नव्हती. त्या दिवशी त्या पिवळ्या ओघळाकडे, त्या चाटणाऱ्या जिभेकडे बघून झाली. त्यानंतर कित्येक वर्षं मला आमरस समोर ठेवला तरी चालत नसे. अजूनही खात नाही.

सकाळी मी खाली गेले. इलेक्ट्रिशियनकडून स्क्रूड्रायव्हर मागून आणला आणि पाटी काढली. सासरे गॅलरीतून ओरडले, गाळा माझा आहे. मी म्हटलं, "गाळा ठेवा. खुर्ची आणि मशीन माझी आहे." सोसायटीतल्या बायका खिडक्यांत आल्या होत्या. एक स्क्रू निघतच नव्हता. वॉचमनने येऊन तो काढून दिला.

जवळच वालीवला, कारखान्यांच्या भागात, एका वर्कशॉपच्या बाजूची खोली मिळाली. पत्र्याचं छप्पर, दिवसभर लेथचा आवाज. पाटी साध्या पेंटरकडून रंगवून घेतली, जुन्या नावाची. पहिले काही महिने फार थोडे पेशंट आले. मग कारखान्यांतले कामगार यायला लागले, मग कामणच्या बाजूचे गोदामांतले हमाल, मग आमच्या आळीतलेही. तंबाखूने तोंड उघडेनासं झालेली इतकी माणसं बघितली की मी कारखान्यांत जाऊन तपासण्या करायला लागले. त्यातल्या काहींचा कॅन्सर लवकर सापडला. हळूहळू नाव झालं. माझं, दादांचं, आमच्या आडनावाचं.

घर मी सोडलं नाही. का सोडलं नाहीस, असं माझ्या मैत्रिणी विचारतात. मुलगी लहान होती हे एक उत्तर. दुसरं माझ्याकडे नाही. मी त्याच घरात राहिले, त्याच टेबलावर जेवले, फक्त सासऱ्यांच्या समोर बसून नाही. त्या नव्या नावाने हाक आली तर मी ओ देईनाशी झाले. काही दिवस त्यांनी मुद्दाम मारली, मग कंटाळले. आते बरी झाली. हनुवटीखाली व्रण राहिला, तो ती पदराने झाकायची. माझ्या सासरी मात्र पुन्हा कधी आली नाही.

हे सगळं होऊन काही वर्षं गेल्यावर सोसायटीच्या गणपतीत कर्तबगार महिलांचा सत्कार ठरला. मला न विचारता माझं नाव घातलेलं. मुलगी नाचात होती म्हणून मी मांडवात होते. माइकवर सासरे उभे राहिले. आणि माझं पूर्ण नाव घेतलं. जुनं. मधलं दादांचं नाव, आणि ते आडनाव, खणखणीत आवाजात.

"वसईच्या मातीतली, शेतकऱ्याची लेक," ते म्हणाले. "आम्ही तिला तिचं नाव बदलायला लावलं नाही. आमच्या घरात तसल्या जुन्या कल्पना नाहीत."

टाळ्या वाजल्या. तेच सेक्रेटरी पहिल्या रांगेत जोरात वाजवत होते.

मला वर बोलावलं. मी गेले. सगळं सांगून टाकावं असं वाटलं, पण समोर फ्रॉक घातलेली माझी मुलगी उभी होती, आजोबांकडे अभिमानाने बघत. त्यांनी खांद्यावर शाल घातली तेव्हा त्यांची बोटं मानेला लागली. खाली उतरले, शाल खुर्चीवर टाकली आणि मुलीला घेऊन घरी आले. मान साबणाने धुतली.

मागोमाग नवरा आला. खूश होता. "आता तरी राग सोड ना," म्हणाला. "तुझंच नाव घेतलं त्यांनी, सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, "तू माझ्याशी आज बोलू नकोस."

शाल सासूबाई उचलून घरी घेऊन आल्या. चांगली लोकरीची होती. पुढची सगळी वर्षं, हिवाळा आला की सासरे ती अंगावर घेऊन पेपर वाचत बसायचे, आणि मी वालीवला जायला निघाले की ती नीट सारखी करत म्हणायचे, "डॉक्टर निघाल्या."