चाचांच्या कुलपातला माल

नळदुर्गात सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या मालगोदामात मी कारकून होतो. दिवाळी जवळ आली, की तेरखेड्याहून फटाक्यांच्या पेट्या यायच्या आणि आमचे मुकादम, ज्यांना सगळे चाचा म्हणत, एकदम फौजदार व्हायचे. दारात उभं राहून ते हमालांचे, ड्रायव्हरांचे, माझेसुद्धा खिसे तपासायचे. बिड्या, काडेपेट्या सगळं जप्त! "एक ठिणगी पडली तर किल्ल्यासकट उडताल," असा वर दम.

एकदा सोलापूरचे साहेब तपासणीला आले. चाचांची शिस्त बघून खूष झाले. "जप्त केलेलं ठेवता कुठं?" त्यांनी सहज विचारलं.

चाचांची छाती फुगली. गोदामात कुलूप असलेली खोली एकच होती. ती त्यांनी थाटात उघडली. "इथं, साहेब. चोराची हिंमत न्हाय."

आत फटाक्यांच्या पेट्या आढ्यापर्यंत रचलेल्या होत्या आणि पुढच्याच पेटीवर काडेपेट्यांनी शिगोशीग भरलेली टोपली होती.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते मागं सरकले, तेवढ्यात चाचांना त्यांच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट दिसलं. त्यांनी हात पुढं केला.

"तुमचीबी काडेपेटी द्या, साहेब. टोपलीत जागा हाय."