मुर्रीतला अंड्यांचा पोळा

तान्हा पोळा जवळ आला की गोंदियाजवळच्या मुर्री गावात भैयाजींच्या ओट्यावर पोरांची रांग लागते. कुणाच्या लाकडी नंदीचा रंग उडालेला, कुणाचं शिंग मोडलेलं. भैयाजी तसे धानाचे शेतकरी, पण एकदा ब्रश हातात आला की बांध फुटला तरी उठायचे नाहीत. त्यांच्या पत्नी नंदाबाई त्यावरून आयुष्यभर बोलत आल्या आणि भैयाजी आयुष्यभर न ऐकल्यासारखं करत आले.

यंदा मात्र त्यांचा ब्रश निघाला एप्रिलात, आणि तो अंड्यांसाठी.

त्यांची सून रेणू ख्रिश्चन, गोंदियातल्या एका दवाखान्यात नर्स. दर ईस्टरला ती विक्की आणि आचल या आपल्या लेकरांना घेऊन शहरात आपल्या आईकडे जायची, आणि नानी नातवंडांना घेऊन अंडी रंगवायची. हिवाळ्यात नानी वारली. माती आटोपली तशी रेणू ड्यूटीवर रुजू झाली. रडली नाही. बोलायची ते कामापुरतं, जेवायची ते दोन घास. भैयाजींना याचीच धास्ती बसली होती. माणूस रडलं नाही तर आतून सडतं, असं त्यांचं ठाम मत.

पोरांनी ईस्टरचं विचारलं तेव्हा रेणू म्हणाली, "औंदा काही नाही."

"बरोबरच आहे," नंदाबाई म्हणाल्या. "दुःखाच्या माणसानं वरीसभर सण नसते करत."

"तिनं नाही कराचा. आपण करून द्याचा," भैयाजी म्हणाले. "दुखवटा काढाले दुसरेच येतेत ना? मंग आपणच दुसरे."

ईस्टरच्या रविवारी रेणूची सकाळची ड्यूटी होती. ती गेली आणि भैयाजींनी नंदी रंगवायचा ऑइल पेंटचा डबा उघडला. आचल किंचाळली, "आबाजी, खायचे आहेत ते!" मग हळद, बीट आणि कांद्याची सालं उकळायला ठेवली. नंदाबाईंच्या कोंबड्यांची गावरान अंडी भैयाजींना फार भारी वाटली, पण त्या मातकट सालीवर रंग काही खुलेना. शेवटी विक्कीनं दुकानातून पांढरी आणली. उकडलेल्या अंड्यांवर भैयाजींनी झूल काढली, घुंगरमाळ काढली, बाशिंगसुद्धा काढलं.

"नानी ससा काढायची," विक्की म्हणाला.

"ससा मले जमत नाही. बैल घे."

आता सजवलेली वस्तू घरातच ठेवायची, हे भैयाजींच्या डोक्यात कसं बसावं? तान्ह्या पोळ्याला पोरं नंदी घेऊन दारोदार जातात आणि खाऊ-पैशांचा बोजारा घेऊन येतात. त्यांनी अंडी ताटात मांडली, ताट आचलच्या हाती दिलं आणि वरात काढली. विक्कीला खरी रीत ठाऊक होती, पण बोजाऱ्याच्या आशेनं पठ्ठ्या गप्प बसला. शेजारचे गुलाबचंद तर माळकरी. त्यांनी अंड्यांकडे पाठ फिरवली, पण पाठमोरे राहूनच बिस्किटांचा पुडा पुढे केला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटोतून रेणू उतरली.

"हे काय चाललंय, बाबूजी?"

"ईस्टर करून राहिलो," भैयाजी म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

रेणू ताटाकडे बघत राहिली. "ईस्टरला अंडी दारोदार नाही फिरवत. लपवतात, मग लेकरं शोधतात." एवढंच बोलून ती घरात गेली.

भैयाजींचा जीव एवढासा झाला. विक्कीवर डाफरले, "तुले मालूम होतं त सांगतलं काऊन नाही?" विक्कीचं तोंड बिस्किटानं भरलेलं, तो काय बोलणार! मग आचलनंच हळू आवाजात नानीची सगळी रीत सांगितली.

दुसरा कुणी असता तर त्यानं ताट ठेवून दिलं असतं. भैयाजींनी सगळी अंडी आवारातल्या धानाच्या तणसाच्या ढिगात लपवली आणि पोरांना सोडलं. पोरांनी ढीग वरून उपसला. सगळी मिळाली, फक्त एक सोडून. सगळ्यात देखणं, लाल झुलीचं.

"रेणू!" भैयाजींनी हाक मारली. "एक सापडून नाही राहिलं. तू ढुंड."

"थकले मी, बाबूजी."

"थकल्यानंच ये."

सासऱ्याचं मन मोडवेना म्हणून ती आली. आधी एका हातानं तणीस चाळवलं, मग दोन्ही हातांनी, मग ड्यूटीचे कपडे घातलेलीच ती गुडघ्यांवर बसली. केसांत काड्या अडकल्या. अगदी तळाशी अंडं लागलं. झुलीवर भैयाजींच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, रेणू.

"नानी शेवटचं तुझं लपवायची ना," आचल म्हणाली. "मीच सांगितलं आबाजींना."

रेणू तिथंच बसली आणि हमसून हमसून रडू लागली. नंदाबाई पुढे धावल्या, तर भैयाजींनी आडवा हात घातला. "रडू दे तिले." त्यांचेही डोळे वाहत होते, पण ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं रेणूनं ड्यूटीच्या कपड्यांच्या बाहीनंच तोंड पुसलं. अंडं दगडावर टिचकवलं, आपलं नाव असलेलं साल जपून बाजूला ठेवलं आणि वर पाहिलं.

"मीठ आणा ना कोणी."

मीठ आणायला भैयाजी स्वतः पळाले.