वटवट्याची वरची पट्टी

पक्षी-अभ्यासाच्या संस्थेत सगळे तिला ताई म्हणत, संचालकसुद्धा. आवाजाचं काम तिचंच. वटवट्या म्हणजे झुडपातला चिमणीहून लहान पक्षी; नदीच्या अलीकडचे पोटाशी पांढुरके, पलीकडचे तांबूस. रंग बदलला तसं गाणंही बदललं का, हे ताडून पाहायचं तिच्या अंगावर होतं. सकाळी काठावर माईक लावून बसायचं, दुपारी खोलीत हेडफोन लावून सूर सोडवायचे. कान इतका तयार, की मागून कोण आलं हे ती नुसत्या चपलेवरून सांगे.

एका सकाळी पलीकडच्या काठावर एक तांबूस नर झुडपाच्या शेंड्यावर येऊन बसला. चोच उघडली, गळा फुगला. सुरुवातीची टकटक ऐकू आली आणि पुढे काहीच नाही. चोच मात्र उघडीच. वायर सैल झाली असेल म्हणून तिनं ती काढून पुन्हा बसवली. परतल्यावर संगणकाच्या पडद्यावर गाण्याची आकृती काढली, तर वरच्या पट्टीतले सूर ओळीनं उभे होते. माईकला ऐकू आले होते, तिला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयानं वरचे सूर आधी जातात आणि गेलेले परत येत नाहीत. ती बरं म्हणाली. रडू येईल म्हणून बसथांब्यावर तिनं रुमाल हातात धरून ठेवला. बस आली तेव्हा तो कोरडाच पर्समध्ये टाकला.

घरी सासूबाईंना ओरडून सांगावं लागलं, कारण त्यांचं कानाचं यंत्र कायम उशीखाली.

"मला कित्येक वर्षांत एक पाखरू ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "काही अडलं नाही बघ."

"तुमचं पोट त्यावर नव्हतं, आई."

"तेही खरंच. बरं, आता टीव्ही मोठा लावला तर कुरकुर नको करूस."

नवरा हसला. तीही हसली, हसायची वेळ होती म्हणून.

संचालकांना तिनं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. पडद्यावरच्या आकृत्या वाचून आणखी काही महिने रेटता आलं असतं, पण काठावर कान लागतोच. माईक एका नव्या बाईंकडे गेला आणि ताई रंगाच्या कामाला लागली. जाळीत अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, पोटाची पिसं रंगपट्टीशी लावून बघायची, पायात ओळखीची कडी घालून सोडून द्यायचा. पुढे सिद्ध झालं की तांबूस नरांचं गाणं शेवटाला जास्त वर चढतं. तिला अभिमान वाटायला हवा होता. तिनं चहा घेतला.

नव्या बाईंनी एकदा ते गाणं खालच्या पट्टीत उतरवून आणलं, तिला ऐकता यावं म्हणून. फार मनापासून केलं होतं. ताईनं हेडफोन लावला. कोणीतरी पाण्याखालून शीळ घालावी तसा जड आवाज.

"कसं वाटतंय?"

"स्वच्छ आहे," ताई म्हणाली आणि हेडफोन परत दिला. जाळीतून काढलेले पक्षी कापडी पिशव्यांत थांबले होते, त्यांना फार वेळ ठेवून चालत नाही. एकाला काढून तिनं त्याचं पोट उजेडाकडे केलं.