भातात टांगलेली फिल्म

"जुनी फिल्म आणलीय का?" नमस्कार-चमत्कार काही नाही. पेशंट दारात दिसला की हात पुढे करून डॉक्टर हेच विचारायचे. शहापूरच्या स्कॅन सेंटरात मी त्यांचे रिपोर्ट टाइप करायचे. अशा माणसाच्या हाताखाली तुम्ही काम केलं असेल, तर मी मनातल्या मनात किती वेळा राजीनामा दिला ते तुम्हाला कळेल. एकेका डागाला अर्धा तास. बाहेर ताटकळलेल्या पेशंटची बोलणी मी खायची.

"अगं, एकदा बघून माणूस कळतो का? काल कसा होता, आज कसा आहे, ते बघावं लागतं. डागाचंही तसंच."

मुरबाडपलीकडच्या म्हसा गावची एक मावशी खोकल्यासाठी आली. सोबत सून. फुप्फुसात वाटाण्याएवढा डाग निघाला. डॉक्टर स्क्रीनला नाक लावून बसले. भोवती धूसर धुकं, मधे घट्ट गाभा. मावशीला पूर्वी टीबी होऊन गेला होता. गाभा तेव्हापासूनचा असेल तर तो नुसता व्रण. नव्याने धरला असेल तर कॅन्सर, आणि तोही घाईतला. लॉकडाऊनच्या तापात तिचा एक स्कॅन झाला होता, पण ते सेंटर केव्हाच बंद पडलं होतं.

"फिल्म कुठाय?"

"हरवली," मावशी म्हणाली. सुनेकडे बघेना.

डॉक्टरांनी तीनदा विचारलं. चौथ्यांदा आवाज चढला तेव्हा सून पुटपुटली, "भातात टांगलीय. पाखरा येऊ नय म्हणून."

मला हसू फुटलं. डॉक्टर किल्ली घेऊन उठले. "चला सगळ्या."

मुरबाड मागे टाकून आम्ही मावशीच्या शेतावर पोचलो. भात पिवळं पडलं होतं. बांबूला बांधलेली फिल्म फडफडत होती, निम्मी उन्हाने काळी झालेली. डॉक्टरांनी ती सोडवली, शर्टाला पुसली आणि बांधावरच उजेडाकडे धरून भिंग लावलं. एक चौकोन, दुसरा, तिसरा.

"इथं नुसतं धुकं आहे," ते हळू म्हणाले. "गाभा नाही."

म्हणजे गाभा नवा होता. त्यांनी मावशीला सगळं सरळ सांगितलं. ती बांधावर टेकली.

"भात कापून झाला का जाते."

"भात घरचे कापतील. तुम्ही सोमवारी मुंबईला. मी चिठ्ठी देतो."

"मी मरन का, डॉक्टर?"

"वेळेत सापडलंय असं वाटतं. पण खात्री नाही देत."

असं तोंडावर बोलतात का? मला त्यांचा रागच आला. पण मावशी गेली. ऑपरेशन झालं, निघाला तो कॅन्सरच. पुढे डॉक्टर दर सोमवारी विचारायचे, "म्हशाचा फोन?" आपल्याला उशीर तर झाला नाही ना, या विचाराने त्यांना चैन नव्हतं. ऑपरेशनला वर्ष झाल्यावरच्या स्कॅनची मावशीपेक्षा तेच जास्त वाट बघत होते.

त्या स्कॅनच्या महिनाभर आधी हृदयविकाराने ते गेले.

मावशी आली. आता स्कॅनचे फोटो ठाण्याच्या डॉक्टरांकडे जातात आणि रिपोर्ट कॉम्प्युटरवर येतो. मी वाचून दाखवला. फुप्फुस स्वच्छ होतं. डॉक्टर गेल्याचं तिला माहीत नव्हतं. हसत हसत ती डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि सांगितलं.

ती बाकावर बसली. म्हणाली, "मंग त्यांना कोन सांगल गो?"

मी तिच्याशेजारी बसून रडले.